आत्यांचं वासाचं तेल

माझ्या नवऱ्याच्या मानेला कसला वास येतो, हे लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर मला त्याच्या आत्यांना तोंडी परीक्षेसारखं सांगावं लागलं. "आधी लवंग," मी म्हणाले. "मग?" मग पुन्हा लवंग. "अन् तिच्या मागून?" मागून जुन्या फायली. नवरा पाटबंधारे खात्यात होता, कालव्यांच्या फायलींत त्याची हयात गेली, तेव्हा हे मी अगदीच मनचं सांगत नव्हते. आत्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणजे ऊद उतरलाच नाहीं." नवरा पेपर बाजूला सारून म्हणाला, मी इथंच बसलोय. आम्ही दोघींनी तिकडे लक्ष दिलं नाही.

ही वेळ का आली, ते सांगते.

आम्ही तंजावरचे. किती पिढ्यांचे, ते आमच्यातले पुरुष जेवणानंतर मोजतात आणि दरवेळी वेगळा आकडा काढतात. घरात आमची मराठी, बाजारात तमिळ, आणि मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते म्हणून रागावताना इंग्रजी. देवनागरी मला येते ती लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. माझ्या मुलाला ती येत नाही, त्यामुळे त्याच्या लग्नाबद्दल मी इथं मोकळेपणाने लिहू शकते.

आमच्या घरात लग्नकार्यासाठी एक तेल करतात. त्याला आम्ही वासाचं तेल म्हणतो. पुण्याहून आलेल्या एका पाहुणीने हे नाव ऐकून नाकाला पदर लावला होता. तिकडे म्हणे वास म्हटलं की घाणच डोळ्यांसमोर येते. आमच्याकडे मात्र वास चांगलाच असतो. तेल घाण्यावरचं, तिळाचं. त्यात सोनचाफ्याची फुलं घालायची, दुसऱ्या दिवशी काढून ताजी घालायची, असं बारा-पंधरा दिवस. शेवटचे दोन दिवस दवणा. मग लवंग आणि ऊद कुटून फडक्यात पुरचुंडी बांधायची. ऊद म्हणजे न्हालेल्या बाळाच्या जावळाला ज्याची धुरी देतात तोच. बरणी कोमट पाण्यात ठेवून ती पुरचुंडी तेलात सोडायची. इथपर्यंत कोणालाही जमेल. पुरचुंडी बाहेर केव्हा काढायची, तिथं घोडं अडतं. लवकर काढली तर नुसतं केसांना लावायचं तेल होतं, उशीर झाला तर दातदुखीचं औषध. म्हणून थेंब मनगटावर घ्यायचा, पाव तास थांबायचं आणि मग नाक लावायचं. पहिला वास सगळ्यांवर सारखाच येतो, पाव तासाने ज्याचा त्याचा येतो.

हा ज्याचा त्याचा वास आमच्याकडे फार महत्त्वाचा. घरात नवी सून येते तेव्हा मांडवात जाण्याआधी तिच्या कानामागे आणि मनगटावर हे तेल लावतात. लावणारी पाव तास तिचा हात धरून शेजारी बसते, मग वाकून वास घेते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, चाफा आला, की लवंग आली, की ऊद. चाफा आला तर लाडाची. लवंग आली तर जिभेची तिखट. ऊद आला तर घर धरून राहणारी. यावर बायका दिवसभर हसतात आणि पुढे जन्मभर टोमणे मारतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात काही अर्थ नाही, हे मी सून म्हणून आले तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं. त्यावर एकजण म्हणाली, बघा, अंगावर नाही आली, जिभेवर आली लवंग.

हे तेल करायच्या आणि लावायच्या आत्या. माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. वय आता अठ्ठ्याहत्तर. पंचविसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, माहेरी परत आल्या आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागल्या. आवाज अजून तसाच, दर तीन मिनिटांनी कॉल तोडणाऱ्या बाईचा. विधवेचा हात नव्या नवरीला लागतो, हे आमच्यासारख्या घरात कसं चाललं? माझ्या आजेसासूबाईंनी चालवलं. घरात नाक तिचंच आहे, दुसऱ्या कोणाला जमत नाही, मग काय तेल न लावताच मुलगी मांडवात पाठवू, असं त्यांनी विचारलं म्हणे. म्हणून एक तोडगा निघाला, तो आजवर चालत आला. आत्या हळदीकुंकवाला पुढे येत नाहीत, आरतीला नाही, ओटीला नाही. लग्नाच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसतात. फक्त तेलाची वेळ झाली की कोणीतरी हाक मारतं, आणि त्या उठून सगळ्यांमधून चालत आत येतात. पाव तास नवरीचा हात त्यांच्या हातात. मग पुन्हा पंख्याखाली.

मी इतकी वर्षं हे पाहत आले आणि मला त्यात काही खटकलं नाही. लाज वाटते, पण खरं तेच.

गेल्या ऐप्पसीत, म्हणजे इकडच्या पावसाळ्यात, आत्यांना ताप आला. पाच दिवसांनी उतरला. त्यानंतर आठवडाभराने मी शाळेतून आले तर फाटकापाशीच करपलेल्या दुधाचा वास. धावत आत गेले. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं आणि आत्या शेगडीपासून चार हातांवर शांतपणे पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. ज्या बाईने मी दारात पाऊल टाकताच, बसमध्ये तुझ्या शेजारी लसूण खाल्लेला माणूस बसला होता, असं सांगितलं होतं, ती हीच. मी गॅस बंद केला. त्या म्हणाल्या, "अय्यो, डुलकी लागली की." डुलकी लागलेल्या माणसासमोर इतक्या शेंगा सोललेल्या नसतात.

मी शिक्षिका आहे. संशय आला की चाचणी घेते. दुसऱ्या दिवशी म्हटलं, अत्या, डोळे मिटा, बाजारातून काय आणलंय ओळखा. आणि हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "दवणा. पण शिळा."

मला हसू आलं नाही. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हातातली डबी पाहिली.

"कोणाला सांगू नको," त्या म्हणाल्या.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. त्याने नाकात उजेड टाकून पाहिला आणि म्हणाला, येईल परत किंवा येणारही नाही. रिक्षात बसल्यावर आत्या म्हणाल्या, "लग्न होऊं दे. मग सांग सगळ्यांस." लग्न माझ्या मुलाचं. तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर ठरलेलं, मुलगी तिरुवैयारूची, तमिळ घरातली, शेती खात्यात नोकरीला, घरी भाताची शेती. आमच्या घरातलं या पिढीतलं शेवटचंच लग्न. पुढे कधी कोणाचं होईल ते होईल, तेव्हा आत्या कुठे असतील कोण जाणे.

त्या काय मागत होत्या ते मला रिक्षात बसल्या बसल्या समजलं. नाक गेलं हे कळलं असतं तर कोणी त्यांना वाईट बोललं नसतं. उलट सगळ्यांनी हळहळ केली असती, आणि मग तेल दुसऱ्या कोणीतरी लावलं असतं. कोणीही सवाष्ण चालली असती. आत्या पंख्याखालीच राहिल्या असत्या आणि त्यांना हाक मारायचं कोणाला काही कारणच उरलं नसतं.

सगळ्यांत आधी कळलं असतं ते थोरल्या जाऊबाईंना. त्यांना मी अक्का म्हणते. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत, ती ओलांडून त्यांचं लक्ष आमच्या घरातल्या प्रत्येक डब्यावर असतं. माहेर पापनाशमचं, कडक सोवळ्याचं. सण, वार, शकुन, कोणी कुठे बसायचं, कोणाच्या हातात काय द्यायचं, सगळं त्यांच्या ताब्यात. त्या वाईट नाहीत, हे आधीच सांगते. आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन आठवडे दर चार तासांनी डोळ्यांत थेंब अक्कांनीच घातले. पण नवरात्रात कुंकवाचं ताट फिरत आलं की आत्यांपाशी येताच अक्कांचा हात आपोआप ते उचलून पुढच्या बाईकडे नेतो. त्यात राग नसतो. गाडी चालवताना आपण खड्डा टाळतो तसं.

तर तेल करायचं होतं, आणि नाक माझं. चाफ्याचा मोसम सरत आला होता, फुलबाजारात सकाळी सहाला जावं लागे. आत्या बरणीपाशी पाटावर बसायच्या, हातांनी सगळं करायच्या, आणि माझी उलटतपासणी घ्यायच्या. "कसं येते" असं मोघम नाही विचारायच्या. फूल आधी येते की देठ? गोड आहे की गोडाच्या पुढं गेलं? पुरचुंडी सोडल्यावर तर माझ्या नाकी नऊ आले. पाव तास झाला की मनगट नाकाला. "लवंग आली?" नाही आली. "अता?" किंचित. "ऊद?" आहे, खाली कुठेतरी. "राहूं दे मग." मी तीन संध्याकाळी माझं मनगट हुंगत बसले. चौथ्या दिवशी एकदम सगळं जागेवर आलं. वर चाफा, मध्ये लवंगेचा नुसता चिमटा, आणि तळाशी ऊद, कोमट. मी म्हटलं, अत्या, आता. त्यांनी पुरचुंडी बाहेर काढली, पिळली, आणि विचारलं, "खरंच?" खरंच, मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या तेलाची ऐट कळली होती.

इतकं झाल्यावर खरं तर काम संपलं. पण आत्यांचं समाधान होईना. तेल बाटलीत होतं आणि त्यांना त्यातलं काहीच मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्यास लाव, अन् काय येते सांग." त्यानंतर झालेली ती तोंडी परीक्षा तुम्ही वाचलीच.

मग मी त्या नादाला लागले. पर्समध्ये छोटी कुपी ठेवली. मुलगा चेन्नईहून शनिवारी आला, त्याच्या मानेवर थेंब लावला. तो व्यायामशाळेत जाऊन आलेला, पहिला पाव तास औषधांचं दुकान उघडल्यासारखा वास, लवंगच लवंग, आणि मग संध्याकाळी तो जेवायला वाकला तेव्हा एकदम ऊद, लहानपणी त्याच्या जावळातून यायचा तसा. हे सांगताना माझा आवाज बसला, आणि आत्या म्हणाल्या, "सावकाश सांग. घाई नाहीं." कोपऱ्यावरची फुलवाली बाई चाळीस वर्षं मोगरा ओवते. तिच्या बोटांत मोगरा इतका मुरलेला की चाफ्याला तिथं जागाच मिळाली नाही. आधी लवंग नाकात घुसली आणि मग मोगराच परत आला. ती म्हणाली, अम्मा, तुमचं तेल माझ्यापुढे काय टिकणार. शाळेतल्या गणिताच्या बाईंना लावलं, तर लवंग आणि चिंच. चिंच कुठून आली ते देव जाणे. डब्यात पुळियोदरै होतं, चिंचेचा भात, त्याची असेल.

रोज शाळेतून आले की आत्या चहा पुढे ठेवून वाट पाहत बसलेल्या असायच्या. मी सांगायला लागले की त्या डोळे मिटायच्या आणि त्यांच्या नाकपुड्या हळूच हलायच्या. काही येत नव्हतं आत, तरी हलायच्या. मला त्या दिवसांत त्यांचा फार लळा लागला. सून म्हणून मी त्यांच्याशी एकतीस वर्षं नीट वागले होते. पण नीट वागायला जीव लावावा लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

गणिताच्या बाईंनंतर माझ्या डोक्यात उजेड पडला. नवऱ्यावर लवंग, मुलावर लवंग, फुलवालीवर लवंग, गणितावर लवंग. विद्यार्थ्याने अशी चार निरीक्षणं वहीत लिहून आणली असती तर मी विचारलं असतं, अरे, मग पाचवं का वेगळं आलं? पाचवं मनगट माझं होतं. माझ्या कातडीवर लवंग चढतच नाही, गिळून टाकते ती. ती वर येईपर्यंत मी पुरचुंडी तेलात राहू दिली, आणि त्यामुळे ते तेल जगात एकट्या माझ्यासाठी तयार झालं होतं. बाकी सगळ्यांसाठी दातदुखीचं औषध. तेलातली लवंग परत काढता येत नाही, हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. आणि चाफा संपला होता.

लग्नाला दोन दिवस राहिले होते तेव्हा दुपारी मागच्या पडवीत मी आत्यांना हे सांगून टाकलं. वाटलं, रडतील. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"मग मी काय केलं इतकीं वर्षं?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "सगळीं म्हणायचीं, अत्यांस हें तेल कसं शोभते! शोभेल नाहीं तर काय. माझ्याच मनगटास विचारून केलेलं. अन् मज वाटायचं, माझं अंगच तसं आहे."

मग दोघी हसलो. हसून झाल्यावर भीती आली. अक्कांचं नाकही काही कमी नाही. इतकी वर्षं आत्यांचं तेल त्यांना ठाऊक. बाटली उघडताच त्या म्हणतील, हे काय झालंय, आणि मग आत्यांना विचारतील, आणि मग सगळं उघडं पडेल. मी म्हटलं, यंदा चाफा हलका होता, असं सांगू. आत्या म्हणाल्या, ते ठीक, पण नवरीचा वास घेऊन मी सांगू काय? म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. मी समोर उभी राहून आधी वास घेईन, सासू म्हणून माया करतेय असं दाखवून. मी नाकातल्या चमकीला हात लावला तर चाफा, कानाला लावला तर लवंग, बांगड्या मागे सारल्या तर ऊद. एक्स्चेंजमधल्या बाईला खुणा काय अवघड. दोन वेळा तालीम झाली. तिसऱ्यांदा मला खरोखरच नाकाला खाज सुटली आणि आत्यांनी मोठ्याने "चाफा" म्हणून टाकलं.

लग्न तिरुवैयारूला होतं. नवरीच्या खोलीत पंधरा बायका, वेण्यांचे ढीग, बाहेर नागस्वरम. मंगलस्नान होऊन मुलगी पाटावर बसली होती, पाठीवर तिची वेणी फुलांनी मढवणं चाललं होतं. अक्का तेलाचं तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वाटीवरचं झाकण काढलं आणि क्षणभर थांबल्या. नाक किंचित वर गेलं. मी लगेच म्हटलं, यंदा चाफा हलका होता. "हं," अक्का म्हणाल्या. या हं-चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मग त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "अत्या, या."

आत्या आल्या. करड्या निळ्या रेशमी साडीत, केस चापून बसवलेले. मुलीसमोर बसल्या, वाटीत बोट बुडवलं आणि वर उचललं.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "पाट्टी, एनक्कु एन्न वासनै वरुम?" आजी, माझ्यावर कसला वास येईल? माझ्या मुलाने तिला हे सगळं सांगून ठेवलं होतं. ती कित्येक महिने वाट पाहत होती म्हणे. आज सकाळपासून तिने पावडर लावली नव्हती, सेंट नाही, आंघोळीला साबणसुद्धा घेतला नव्हता, नुसती शिकेकाई. खरा यावा म्हणून. हे तिने सगळ्यांसमोर, जरा लाजत, भरभर सांगितलं.

आत्यांचं बोट हवेत राहिलं. मी समोर उभी राहून कान ओढायला लागले. अजून तेल लागलंही नव्हतं, पण लवंग येणार हे काय सांगायला हवं? आत्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या मुलीकडे बघत होत्या.

"मज वास येत नाहीं, कण्णा," त्या म्हणाल्या. आधी आमच्या मराठीत, मग तिला कळावं म्हणून तमिळमध्ये. "ताप आल्यापासून. तेल हिने हुंगून केलं. तुज काय येईल तें मज कळणार नाहीं."

वेणी मढवणारीचे हातसुद्धा थांबले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून कानावरच होता. मग त्या पुढे झाल्या आणि फार मायेने म्हणाल्या, "अय्यो अत्या, सांगायचं नाहीं कां? तुम्ही बसा. मी लावते." आणि त्यांचा हात तबकाच्या कडेला लागला, नवरात्रात लागतो तसाच.

आत्यांनी दुसऱ्या हाताने तबकाची दुसरी कड धरली.

"कां?" त्या म्हणाल्या.

"नाक..." अक्का म्हणाल्या.

"लावाला नाक कशाला?" आत्या म्हणाल्या. "बोट आहे की मज."

आवाज चढला नव्हता. एक्स्चेंजमधला, रोजचा आवाज. बोटावरचं तेल मनगटापर्यंत ओघळलं होतं, ते साडीला लागत होतं, त्यांनी पुसलं नाही. त्यांनी जन्मभर परवानगी नाकाच्या जिवावर घेतली होती, आणि आम्ही ती नाकालाच दिली होती. आता त्या नाकाशिवाय तिथं बसल्या होत्या आणि उठत नव्हत्या. बोलायला हवं होतं, मी बोलले नाही. ती नवी मुलगी बोलली, म्हणजे तीही बोलली नाही. तिने मढवलेली वेणी हाताने सावरली आणि कान आत्यांच्या बोटापाशी नेला.

आत्यांनी तेल लावलं. कानामागे, मग मनगटावर. अक्कांनी तबक सोडलं नव्हतं, पण ओढतही नव्हत्या.

पाव तास आत्या तिचा हात धरून बसल्या. मग मला म्हणाल्या, "अता तू सांग." मी वाकले. लवंग होती, दुसरं काय असणार, आणि तिच्या खाली ऊद, पण बराच खाली. "लवंग," मी जाहीर केलं. बायका हसल्या, मुलीच्या आईला अर्थ सांगितला गेला, तीही कपाळाला हात लावून हसली, आणि मुलगी इतकी खूश झाली की जणू बक्षीस मिळालं.

बाहेरून निरोप आला, मुहूर्त जवळ आला, नवरीला आणा. बायका उठल्या. अक्का उठल्या नाहीत. खरं तर त्या उभ्याच होत्या, त्या खाली बसल्या, आत्यांच्या समोर, नवरीच्या रिकाम्या पाटाशेजारी जमिनीवर. पासष्ट वर्षांच्या, गुडघे धरलेल्या, सगळ्या लग्नाचा भार अंगावर असलेल्या.

"माझ्या लग्नांत आईने लावूं दिलं नाहीं," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातचं नको म्हणाली. दुसरीने लावलं. तिला काही कळलं नाहीं. माझं काय आलं तें कोणी सांगटलंच नाहीं."

हे मला ठाऊक नव्हतं. घरातल्या प्रत्येक बाईची लवंग आणि ऊद मला पाठ होते, पण अक्कांचं काय, हा प्रश्न माझ्या कधी मनातही आला नव्हता. अक्कांनी बांगड्या मागे सारल्या आणि मनगट पुढे केलं.

आत्यांनी बोट वाटीत बुडवलं. लावलं. हात हातात धरला. बाहेरून पुन्हा हाक आली, आणि ज्या बाईने आयुष्यात कधी मुहूर्ताला एक मिनिट उशीर होऊ दिला नव्हता, ती दाराकडे न बघता म्हणाली, "नवरीस घेऊन जा. अम्ही येतों."

पाव तास आम्ही तिघी तिथं बसलो. मांडवात माझ्या मुलाचं लग्न लागत होतं, आणि मी, नवऱ्यामुलाची आई, आत खोलीत. हे त्याला वाचता येत नाही ते बरं आहे. मग आत्यांनी मान हलवली आणि मी अक्कांच्या मनगटावर वाकले. एका भिंतीपलीकडे राहून मी त्यांच्या इतक्या जवळ कधी गेले नव्हते.

लवंग नव्हती. मी पुन्हा नाक लावलं. नव्हतीच.

"काय?" आत्यांनी विचारलं.

"चाफा," मी मोठ्याने म्हणाले, कारण हे ऐकायला अक्कांना चाळीस वर्षं लागली होती.